पिठाचा कोंबडा

माझ्या मुलीचं म्हणणं असं, की ‘स्टाइन्स गेट’ मी पाहिलंय, पण केलेलं नाही. ‘केलेलं नाही’ हे शब्द तिचेच. आम्ही दोघींनी मिळून ती जपानी अ‍ॅनिमे मालिका आठ-दहा संध्याकाळींत संपवली होती. आमच्याकडे जेवणं दिवेलागणीच्या आत आटोपतात, त्यामुळे पुढची वेळ लांबलचक असते, आणि त्या वर्षी ती घरूनच काम करत होती. चोवीस भाग. दोनदा मी डोळे पुसले, एकदा तिने. शेवटचा भाग संपल्यावर मी म्हटलं, “फार मनापासून केलंय गं.” तर म्हणते, “केलंय चांगलंच. पण तू नुसतं बघितलंस आई. खेळात ते तुलाच करावं लागतं.”

मला ते जरा लागलं. करणं आणि बघणं यांतला फरक मला मुलीने सांगावा? पाठशाळेत तो आमच्याकडून घोकून घेतलेला. पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना, आणि पुढच्या चातुर्मासात मी तिच्याकडून तो खेळ लॅपटॉपवर घालून घेतला.

ज्यांना मालिका बघायची आहे त्यांनी हा लेख नंतर वाचावा. शेवट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

खेळ म्हटलं की उड्या आणि गोळ्या डोळ्यांपुढे येतात. हा तसा नाही. याला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात, चित्रकादंबरी म्हणू. पडद्यावर चित्र, खाली मजकूर, पात्रांचे आवाज. एकेक वाक्य वाचायचं आणि बटण दाबून पुढे जायचं. मधूनमधून तुम्ही काय करता यावर कथा वळते. ‘स्टाइन्स गेट’ जपानात ऑक्टोबर 2009 मध्ये आला, फाइव्ह पीबी आणि नायट्रोप्लस या कंपन्यांचा. मुख्य लेखन नाओताका हायाशी यांचं. एप्रिल ते सप्टेंबर 2011 या काळात व्हाइट फॉक्स या स्टुडिओने त्याची मालिका केली. दिग्दर्शक दोन, हिरोशी हामासाकी आणि ताकुया सातो. पटकथेची बांधणी जुक्की हानादा यांची. सगळे फाटे धरून खेळ वाचायचा तर तीस-चाळीस तास सहज जातात. मालिका साडेनऊ तासांत संपते.

गोष्ट टोकियोतल्या अकिहाबारा भागातली, 2010 च्या उन्हाळ्यातली. ओकाबे रिन्तारो नावाचा कॉलेजचा मुलगा स्वतःला वेडा शास्त्रज्ञ म्हणवतो. जुन्या टीव्हींच्या दुकानावरची एक खोली ही त्याची प्रयोगशाळा. बालमैत्रीण मायुरी, कॉम्प्युटरमधला पटाईत मित्र दारू (हे त्याचं टोपणनाव, मी पहिल्यांदा ऐकून हसले होते), आणि मागाहून आलेली हुशार कुरिसु. मायक्रोवेव्हला मोबाइल जोडण्याच्या खटाटोपात त्यांना असं सापडतं, की मोबाइलवरचा छोटा संदेश भूतकाळात पाठवता येतो. संदेश पोचला की जग बदलतं आणि ते आधी वेगळं होतं हे कुणालाच आठवत नाही. आठवतं एकट्या ओकाबेला.

मग जो तो आपली इच्छा पाठवतो. फेरिसचे वडील गेलेले असतात. तिच्या संदेशाने ते जिवंत राहतात. लुका मुलगा म्हणून जन्मलेला, पण मुलगी असावं ही त्याची मनातली आस. संदेशाने तो मुलगी म्हणून जन्मतो. सगळे खुशीत. आणि बाराव्या भागाच्या शेवटी काही माणसं खोलीत घुसतात आणि मायुरीला गोळी घालतात. ओकाबे काळात मागे जाऊन तिला वाचवायला बघतो. एकदा नाही, कितीतरी वेळा. दर खेपेला ती कशाने ना कशाने मरते. शेवटी कळतं की एकच वाट आहे: पाठवलेले संदेश एकेक करून परत घ्यायचे. म्हणजे फेरिसला तिचे वडील पुन्हा गमवायला लावायचे. लुकाचं मुलगीपण काढून घ्यायचं. आणि सगळ्यांत आधीचा संदेश परत घेतला, की कुरिसु मेलेली असते.

रूपांतर इमानी आहे का, असं विचारताना लोक सहसा हिशेब मांडतात. कुठला प्रसंग गाळला, कुठला संवाद तसाच ठेवला. त्या हिशेबात ही मालिका फार वरच्या नंबरात येईल. प्रसंगांचा क्रम जवळपास तोच, आवाजही तेच. ओकाबेला मामोरु मियानो यांनी खेळातही आवाज दिलाय आणि मालिकेतही, आणि त्या आवाजातली बढाई भागागणिक कशी फाटत जाते हे ऐकण्यासारखं आहे. पहिले दहा-अकरा भाग संथ आहेत, त्यावर पुष्कळांची तक्रार असते. मला तो संथपणा आवडला. खेळातही असाच निवांत वेळ जातो. त्या पोरांच्या रिकाम्या गप्पा आपण ऐकलेल्या नसतील, तर पुढे काय मोडतंय हे कळणार कसं? गेलं ते बरंचसं ओकाबेचं मनातलं बोलणं. खेळ सगळा त्याच्या डोक्यात बसून वाचायचा असतो. मालिकेत आपण त्याला बाहेरून बघतो. कॅमेरा आला की हे व्हायचंच, त्याबद्दल कुणावर रागावण्यात अर्थ नाही.

फोनचं मात्र तसं नाही.

खेळात पडद्यावर ‘अ करा किंवा ब करा’ अशी पाटी येत नाही. तुमच्याकडे ओकाबेचा फोन असतो. तो खिशातून काढायचा की नाही, आलेला मेल वाचायचा की नाही, मेलमधल्या कुठल्या शब्दाला धरून उत्तर द्यायचं, हे तुमच्यावर. कुरिसुच्या काही साध्या मेलना दिलेली उत्तरं पुढे खऱ्या शेवटाकडे नेतात, आणि देताना त्याचा पत्ताही लागत नाही. मला फार आवडलं हे. आयुष्यात तरी कुठे पाटी असते?

संदेश परत घ्यायची वेळ आली तेव्हाही फोन माझ्याच हातात. सुझुहाच्या वेळी मी पाठवला. फेरिसच्या वेळी थोडं थांबून पाठवला. लुकाच्या वेळी हात उचलेना. मालिकेत हा भाग मी पाहिलेला होता. लुका एक दिवस ओकाबेबरोबर फिरायला जाते, आणि मग तो संदेश परत घेतो. पाहताना मला वाईट वाटलं होतं, पण मनात घाईही होती, की आता हे उरकू दे, मायुरी वाचू दे. खेळात त्याच जागी मी फोन काढलाच नाही. लुकाला राहू दिलं. मग मायुरी मेली. खेळ तिथेच एका वेगळ्या शेवटाला गेला: ओकाबे आणि लुका एकमेकांबरोबर आहेत, आणि दोघांच्या मधे ती गेलेली मुलगी आहे. श्रेयनामावली सुरू झाली. मी लॅपटॉप मिटला आणि उद्याच्या मुगाचं पाणी बदलायला उठले. हात थरथरत होते असं लिहिलं तर अतिशयोक्ती होईल. पण रात्री झोप लागली नाही हे खरं.

दुसऱ्या दिवशी मागे जाऊन मी संदेश पाठवला. ते जास्त वाईट होतं.

मुलगी म्हणाली, “अगं आई, खेळ आहे तो.” म्हणजे आदल्या वर्षी जिने मला ‘करावं लागतं’ म्हणून ऐकवलं तीच. त्या क्षणी मला यशोधर राजा आठवला.

आमच्यात ही कथा लहानपणीच कानावर पडते. यशोधर राजाला अपशकुनी स्वप्नाच्या निमित्ताने त्याची आई चंद्रमती सांगते, देवीला बळी दे. तो हिंसेला तयार नाही. मायलेकांची ओढाताण होते आणि मधला मार्ग निघतो: जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा करायचा आणि तो कापायचा. एकही जीव जाणार नाही, आईचंही मन राहील. राजा वार करतो. आणि त्या एका वारापायी मायलेक जन्मामागून जन्म फिरतात, मोर आणि कुत्रा इथपासून ते शेवटी खरोखरच्या कोंबड्यांच्या योनीपर्यंत, आणि जवळपास प्रत्येक जन्मात कुणाच्या तरी हातून मरतात.

लहानपणी मला हा घोर अन्याय वाटायचा. पिठाच्या गोळ्याला कसला जीव? पाठशाळेतल्या बाई सांगायच्या, द्रव्यहिंसा झाली नाही, पण भावहिंसा झाली. हात उचलताना तो समोरच्याला कोंबडा समजूनच उचलला होता ना? मला ते शब्द पाठ होते, पटलेले नव्हते. पन्नाशी उलटल्यावर एका जपानी खेळात फोन हातात धरून बसले तेव्हा पटले. लुका हा पडद्यावरचा रंग आहे, पीठच. पण मी बटण दाबताना तिला रंग समजून दाबलं नव्हतं.

या कथेचा आणखी एक उपयोग आहे. ती किती जणांनी किती तऱ्हांनी सांगितली! हरिभद्रांच्या प्राकृत ‘समराइच्चकहे’त ती आहे. सोमदेवांनी 959 मध्ये तिचं ‘यशस्तिलक’ हे अवाढव्य संस्कृत चंपू केलं. पुष्पदंतांनी ती अपभ्रंशात आणली. आमच्या बेळगावच्या बाजूला ती जास्त करून जन्नाच्या 1209 मधल्या कन्नड काव्यामुळे ओळखीची. आणि धारवाडात वाढलेल्या गिरीश कार्नाडांनी 1980 मध्ये तिच्यावर नाटक लिहिलं. कार्नाडांनी पुष्कळ बदललं. जन्मजन्मांतरीचा फेरा काढून टाकला, सगळं एका रात्रीत आणलं, आणि प्रश्न राणीच्या बाजूला वळवला. घोकून बसलेल्या माणसाला हे मूळ कथेला सोडून वाटेल. पण नाटकाचं नाव त्यांनी ‘हिट्टिन हुंज’ ठेवलं, म्हणजे पिठाचा कोंबडा. फेरा काढला तरी कथा उरते. कोंबडा खरा केला असता, तर सगळे जन्म जसेच्या तसे ठेवूनही कथा गेली असती.

तेव्हा रूपांतराला विचारायचं ते हे, की पिठाचा कोंबडा कुठे आहे आणि तो ठेवलाय का. ‘स्टाइन्स गेट’मधला कोंबडा म्हणजे वाचणाऱ्याच्या हातातला तो फोन. आणि मालिकेने तो ठेवलेला नाही. ठेवू शकतच नव्हती. म्हणजे मुलीचं खरं ठरलं, असं म्हणून मी गप्प बसायला हरकत नव्हती.

पण बसवेना. कारण बघणारा मोकळा सुटतो, हे आमच्याकडे कुणी मान्य करत नाही. कर्म बांधायच्या तीन वाटा सांगितल्यात: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केलेल्याला मनातून ‘बरं झालं’ म्हटलेलं. कृत, कारित, अनुमोदित. याला मन-वचन-कायेने गुणायचं, मग संकल्प, तयारी आणि प्रत्यक्ष कृती या तीन पायऱ्यांनी, मग क्रोध-मान-माया-लोभ या चार कषायांनी. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, एकशे आठ. जपमाळेला 108 मणी का, याचं आम्हाला शिकवलेलं उत्तर हेच. या हिशेबात प्रेक्षकाला वेगळी खुर्ची नाही. मालिका बघताना मी जे मनात म्हणत होते, ‘उरकू दे आता, मायुरी वाचू दे’, ते काय होतं? लुकाचं जग पुसलं जायला मी मान डोलावत होते. फक्त ओकाबे ते करत होता म्हणून माझा हात कोरडा राहिला, एवढंच. खेळाने मला कृत दिलं. मालिकेने अनुमोदन करायला लावलं, आणि वर ते जाणवूही दिलं नाही.

हे लिहिताना एक गोष्ट टाळून पुढे जाता येईल असं वाटलं होतं. येत नाही.

माझे वडील आजारी होते तेव्हा त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन करायचं की नाही, हा प्रश्न आला. वय ऐंशीच्या पुढे. डॉक्टरांनी दोन्हीकडचा धोका सांगितला आणि घरच्यांवर सोडलं. थोरल्या भावाने रात्री मला फोन केला. “तुझं काय म्हणणं?” मी म्हटलं, “दादा, तुम्ही दोघं ठरवाल ते मला मान्य.” त्यांनी ऑपरेशन करायचं नाही असं ठरवलं. बाबा पाच महिने राहिले, घरी, आपल्या खाटेवर, आणि गेले. कुणाचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. ऑपरेशन केलं असतं तर पाच दिवसही मिळाले नसते कदाचित. पण त्यानंतर कितीतरी वर्षं मी एका सोयीच्या समजुतीत राहिले, की तो निर्णय भावांनी घेतला. दादा एकदा काकांच्या वर्षश्राद्धाला भेटला असताना... नाही, आमच्यात श्राद्ध नसतं, काकांच्या पुण्यतिथीला म्हणूया, तो अचानक म्हणाला, “माझं बरोबर होतं ना गं?” मी म्हटलं, “तेव्हा तुम्हाला जे योग्य वाटलं ते तुम्ही केलंत.” तुम्ही! काय गोड बोलले मी. खेळातला ओकाबे जसा एकटा आठवण वाहत हिंडतो तसा तो माझा भाऊ हिंडत होता, आणि मी प्रेक्षकांत बसून मान डोलावत होते.

फोन तेव्हाही माझ्याच हातात होता, आणि मी तो काढला नव्हता.

मालिकेच्या शेवटाबद्दल मात्र मला तिची बाजू घ्यावीशी वाटते. मायुरी वाचते, कुरिसु गेलेली असते, आणि तिला वाचवायला ओकाबे त्या पहिल्या दिवशी परत जातो. झटापटीत तिच्या बापावर उगारलेला सुरा कुरिसुलाच लागतो. आत्तापर्यंत दुरून बटणं दाबणाऱ्या या मुलाच्या हाताला पहिल्यांदाच खरं रक्त लागतं. मालिका तो क्षण लांबवत नाही की नटवत नाही, त्याचा चेहरा दाखवते आणि परत येते. आणि दुसऱ्या खेपेला त्याला सांगितलं जातं, की तू जे पाहिलंस ते तसंच राहू दे, फक्त ते खोटं कर. कुरिसु रक्तात पडलेली दिसली पाहिजे. मेलेली असायची गरज नाही. म्हणजे पुन्हा पिठाचा कोंबडाच, पण उलटा! यशोधराने खोटा जीव घेतला आणि ते पाप खरं निघालं. इथे खोटं मरण मांडायचं आहे, एक खरा जीव राहावा म्हणून. आणि बरोबर आणलेलं खोटं रक्त आयत्या वेळी सुकलेलं निघतं. मग तो स्वतःच्या पोटात वार घेतो आणि आपलं रक्त तिथे सांडतो.

हा प्रसंग खेळात आणि मालिकेत एकच आहे. खेळात तो वाचताना मी बटणावर बोट ठेवून होते. मालिकेत मांडीवर हात होते. आणि खरं सांगायचं तर इथे मला मालिका जास्त लागली. खेळात माझ्या मनात कुठेतरी ‘मी इथवर आणलं’ हा अभिमान होता. मानकषाय. मालिकेत करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून नुसतं बघत राहावं लागलं, आणि त्या बघण्यात ‘उरकू दे’ नव्हतं. बघण्याचीही एक वेगळी जात असते म्हणायची. सामायिकाला बसल्यावर जी साधावी म्हणून सांगतात आणि मला वर्षानुवर्षं साधली नाही, त्याच्या आसपासची.

मुलीला हे सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे तू दोन्हीकडून बोलतेस.” मी म्हटलं, तुझ्या आजीने त्यालाच अनेकांत म्हटलं असतं. हत्तीचं उदाहरण मी दिलं नाही, त्या बिचाऱ्या हत्तीला आम्ही फार वापरलंय. पण दोन्हीकडून बोलणं म्हणजे कुठेच न उभं राहणं नव्हे. मालिका खेळाशी प्रामाणिक आहे, ओकाबेच्या बाजूने. माझ्या बाजूने ती प्रामाणिक नाही. दोन्ही वाक्यं मी सही करून देईन.

निर्मात्यांनाही हे कुठेतरी खुपत असावं. 2015 च्या डिसेंबरात मालिका जपानात पुन्हा दाखवताना त्यांनी तेविसावा भाग वेगळा करून दाखवला. त्यात तो दुसऱ्या खेपेला जायला उठतच नाही, हरून बसतो, आणि तिथून पुढची वेगळीच कथा निघते. म्हणजे टीव्हीवरही एक फाटा फुटला, फक्त तो त्यांनी फोडला. आणि 2018 मध्ये तर त्यांनी उलटा प्रवास केला: मालिकेचीच हलती चित्रं घेऊन ‘स्टाइन्स गेट एलिट’ हा खेळ काढला. मालिकेत नसलेल्या शेवटांची चित्रं नव्याने काढून घेतली. लुकाचा तो शेवटही आता हलत्या चित्रांत बघता येतो. मी बघितलेला नाही. बघायचाही नाही.

गेल्या महिन्यात मी दादाला फोन केला. बाबांचा विषय काढला. म्हटलं, त्या रात्री तू विचारलंस तेव्हा मलाही ऑपरेशन नकोच होतं. मी ते म्हणाले नाही, कारण मला ते बोलणारी व्हायचं नव्हतं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बरं केलंस सांगितलंस,” आणि हळदीचे भाव काय चाललेत ते सांगत बसला.

परवा मुलगी माझा लॅपटॉप साफ करून देत होती. फार जड झालाय म्हणाली. खेळ काढून टाकू का, आणि त्यातली ती लुकाच्या आधी जपून ठेवलेली जागा, जिथून मी मागे गेले होते, तीही पुसू का, असं विचारलं. मी कणीक मळत होते. सवयीने म्हटलं, “तुला हवं तसं कर.”

मग हात धुऊन बाहेर आले आणि तिला सांगितलं, नको, राहू दे ती.